काटा

नोटीस आली ती इंग्रजीत, चौऱ्याऐंशी पानं.
शहापुरात बसूच्या झेरॉक्सच्या दुकानात ती उघडली.
तो मनात कन्नडात वाचायचा, मला मराठीत सांगायचा,
अडला की दोघंही पंख्याकडं बघायचो.

"मुचंडीकर मामा, तुमचे अठ्ठेचाळीस शेअर हायत की.
म्हणजे अठ्ठेचाळीस मतं."
खाण विकली तेव्हा थकलेल्या पगारापोटी दिलेले ते.
बायको म्हणाली होती, कागद शिजतो व्हय?

ठराव पाचवा : व्यवस्थापकीय संचालकांचं मानधन.
बसूनं शून्यं दोनदा मोजली, बोट ठेवून.
मी तो आकडा मनातल्या मनात गाडीत भरला. सवय.
जांबोटीच्या वरच्या अंगाला एकतीस वर्षं काट्यावर होतो,
मला कुठलीही गोष्ट आधी टनात कळते.
माझा शेवटचा पगार सदऱ्याच्या खिशात मावला होता.
ह्याला किती टायरची लागेल?

ठराव नववा : काही भागधारकांनी मांडलेला.
हवामानाची जोखीम कंपनीनं मोजावी, आणि छापावी.
खाली बोर्डाची शिफारस : विरोधात मत द्या.
जोखीम मध्यम आहे.

मध्यम.
त्या ऑगस्टात वरचा डोंगर सरकला.
रुद्राप्पा कमतगीचा डंपर चार दिवसांनी सापडला,
नाल्याच्या तोंडाशी, लाल गाळात,
आणि आत रुद्राप्पा.
पंचनाम्यात एकच शब्द : अतिवृष्टी.
ते वजन माझ्या काट्यावरनं गेलं नाही.

आमच्याकडं बोर्डावरनं दगड उडतात.
कुठली अक्षरं वर, कुठली खाली.
त्यापायी मीही दोन रात्री हिंडलग्याच्या तुरुंगात काढल्यात.
आणि हे एक बोर्ड, अकरा माणसांचं,
ह्याला कुणी कधी डांबर फासलं नाही.
ते कुठं टांगलंय तेच माहीत नाही.

ओटीपीला रेंज नव्हती.
बाहेर गटाराच्या कठड्यावर चढलो,
फोन धरून हात वर केला.
जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं असेल,
म्हातारा कुठल्या सभेत मत द्यालाय.
द्यालोच होतो.
पाचव्याला नको. नवव्याला हो.

चार दिवसांनी निकाल.
पाचवा मंजूर, त्र्याण्णव टक्क्यांनी.
नववा पडला. बाजूनं सतरा पूर्णांक चार.
त्यात माझे अठ्ठेचाळीस किती, म्हणून बसूनं भागाकार केला,
कॅल्क्युलेटरनं कोपऱ्यात एक ई दाखवली, आणि गप्प.

आमचा काटा दहा किलोचा.
त्याच्या खालचं त्याला दिसत नसे.
चिमणी बसली तरी तेच, उडाली तरी तेच.
पण पोरगं दिसायचं.
रॉयल्टी कमी बसावी म्हणून मुकादम
रिकाम्या गाडीत क्लीनरला निजवायचा, ताडपत्रीखाली.
ताडपत्री उचलून बघणं माझं काम.
उचलायचो.
कधी नाही उचलायचो.
घरी पोरं लहान होती, हे कारण आहे,
पण ते काही काट्यावर चढत नाही.

सतरा पूर्णांक चार.
रात्री हे कुणाचे, म्हणून जागा राहिलो.
कुठल्या गावचे, कुठल्या बोलीत 'हो' म्हणाले असतील?
त्यांनी आमचा नाला पाहिला नाही,
रुद्राप्पाची विडी मागायची तऱ्हा पाहिली नाही.
तरी ताडपत्रीला हात घातलाच की त्यांनी.

झेरॉक्स दोन रुपये पान.
नवव्या ठरावाचं तेवढं एक काढून घेतलं.
रुद्राप्पाच्या गंगव्वाकडं बावीस आहेत,
ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी, घडीसुद्धा मोडलेली नाही.
पुढल्या वर्षाला अजून अवकाश आहे.
तिला कन्नडात कसं सांगायचं,
तेवढं बसूकडनं पाठ करालोय.